सदर कैद्यास मार लागला

आमच्या तहसील कचेरीत कुणी कुणाला मारत नसे. मार लागत असे. नवऱ्यानं बायकोचं डोकं फोडलं तर कौटुंबिक वादात तिला मार लागे. बांधावरून दोन भाऊ काठ्या घेऊन भिडले तर दोघांनाही मार लागे. चावडीवर बांधून कुणाला चोपलं तरी कागदावर त्याला मारच लागे, जसा उन्हाळ्यात घोळणा फुटतो तसा, आपोआप. मारणारा कोण, हे आमच्या कागदांत सहसा येत नसे. मी ते वाक्य इतक्या वेळा टाइप केलंय की आजही झोपेत करेन. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात जुन्या फायली चाळल्या, त्यांत सगळीकडे तेच होतं, मीही तेच करू लागलो.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी टंकलेखक होतो. अब्बांचं कल्हईचं दुकान होतं. घरात आमची हिंदी, बाजारात झाडीपट्टीची मराठी आणि कागदावर शाळेतली मराठी, असा तीन तोंडांचा कारभार. शाळेत मराठीत मी पहिला येत असे. तेव्हा गुरुजी बाकीच्या पोरांना म्हणत, "अरे, लाजा जरा, हा मुसलमानाचा पोरगा तुमच्या पुढं गेला." हे कौतुक होतं की दुसरं काही, हे मी तेव्हा तपासलं नाही. कौतुक म्हणूनच खिशात घातलं आणि पुढं आयुष्यभर खर्चत राहिलो. खेड्यातला माणूस समोर बसून "मले" म्हणाला की माझी बोटं "मला" टाइप करत. "काऊन" चं "का" होई, "राह्यलो" चं "राहिलो" होई. साहेब लोक खूश असत. जबाब याच्याकडेच द्या, म्हणत, हा शुद्ध लिहितो.

हे शुद्ध लिहिणं मला एका माणसाच्या बाबतीत फार महाग पडलं. मला म्हणजे, खरं तर त्याला.

ब्याऐंशी साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरचं वर्षभर आमच्या कचेरीत धड कुठला कागद कुठं आहे ते ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. कपाटंच्या कपाटं ट्रकात घालून नदीपलीकडं गेली होती. जी जायला हवी होती ती राहिली आणि जी राहायला हवी होती ती गेली. अशा दिवसांत एक उंच, काळासावळा, साठीकडं झुकलेला माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पाय जुळवून. मी मान वर करेपर्यंत बोलला नाही.

"बाबू, फौजेतून माझ्या नावचा कागद आला असंल. माझा जबाब घ्याचा हाये."

तो फौजेतला निवृत्त नाईक होता. वैनगंगेच्या अलीकडच्या एका खेड्यातला, बौद्धांच्या वस्तीतला. गावात त्याला सगळे फौजीभाऊ म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. नदीकाठच्या गावाचा माणूस म्हणून त्याचा कागद कुणीतरी गडचिरोलीच्या गठ्ठ्यात घातला होता. तो शोधून आणायला चार महिने लागले. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, त्या मानानं आम्ही लवकरच केलं. तो दर सोमवारी सायकलवर येई, पाय जुळवून उभा राही, आणि मी नकारार्थी मान हलवली की परत जाई. कधी कुरकुर केली नाही. मला कुरकुर करणारी माणसं बरी वाटतात, त्यांच्यावर खेकसता येतं. या माणसावर खेकसायची सोय नव्हती.

कागद सापडला तेव्हा मी तो वाचला. फौजीभाऊनं वरपर्यंत अर्ज केला होता. एकाहत्तरच्या लढाईनंतर पकडलेले कैदी ज्या छावण्यांत ठेवले होते, त्यांतल्या एका छावणीत त्याची ड्युटी होती. तिथं एका कैद्याला मारलं गेलं, तो मेला, आणि त्याची चौकशी व्हावी, असं त्याचं म्हणणं. मारणाऱ्यांत तो स्वतः होता. अर्जदाराचा जबाब स्थानिक महसूल अधिकाऱ्यासमोर नोंदवून पाठवावा, असा हुकूम होता.

आमचे नायब तहसीलदार देशावरचे, सज्जन आणि थकलेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बारा वर्षांनी कोण विचारत होतं ह्याला?"

ते मी फौजीभाऊला विचारलं. कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर, जबाबाची तारीख द्यायच्या दिवशी. निवृत्तीनंतर तो एका तांदळाच्या गिरणीवर चौकीदार होता. एकदा एका मजुराच्या धोतराच्या ओच्यात मूठभर तांदूळ सापडले.

"मालक मले म्हणला, जरा समजाव याले," फौजीभाऊ म्हणाला. "एवढंच म्हणला. अन् माझा हात आपल्या मनानं पट्ट्याकडं गेला. मले ठाऊकबी नाई पडलं. त्या मानसानं माझ्याकडं पाह्यलं अन् मले तो छावणीतला दिसला. तसाच पाहे तोबी."

"मग?"

"मंग काय? नोकरी सोडली. घरी गेलो अन् पहिला अर्ज लिवला. आता जे होईन ते होईन. पण एकडाव मले त्या छावणीतल्या साहेबासमोर उभं करा अन् विचारा, कोनं मारलं? मी सांगतो, म्या मारलं. अन् साहेबाले विचारा, कोनं मारायले लावलं? एवढंच पाह्यजे मले."

एवढंच. मी चहाचा ग्लास धरून बसलो होतो. माणूस वेडा नव्हता. वेडा असता तर मला सोपं गेलं असतं.

जबाबाचा दिवस मार्कंड्याच्या जत्रेच्या आठवड्यात पडला. सगळ्या एसट्या जत्रेला लावलेल्या, म्हणून तो पहाटे निघून सायकल हाणत आला होता. इस्तरीचा पांढरा सदरा, केसांना पाणी लावलेलं. पदकं आणली नव्हती. नायबसाहेबांनी खुर्ची दिली, ते शपथेचं दोन वाक्यांत उरकून रजेच्या अर्जांवर सह्या करत बसले. मी मशीनमध्ये तीन कागद आणि दोन कार्बन घातले. फौजेत रिपोर्ट देतात तसा फौजीभाऊ बोलू लागला, समोरच्या भिंतीकडं बघत.

"लढाई सरली तवा माझी ड्युटी कैद्यायच्या छावणीत लागली. फाटकावर पाटी होती, कैद्याले हात लावाचा नाई. आमाले वाचून दाखवली होती. एक कैदी भटारखान्यात काम करे. त्याची दाढ दुखे. मी त्याले लवंगा आणून देत होतो. तो मले भाई म्हणे."

नायबसाहेबांचं पेन थांबलं नाही. मी टाइप करत होतो: मी छावणीत नेमणुकीस होतो. लवंगा मी गाळल्या. लवंगांचा विषयाशी काय संबंध?

"एक दिवस भटारखान्यातली सुरी गायब झाली. साहेब म्हणला, याले बोलतं करा. आमी तिघं होतो. म्या पट्ट्यानं मारलं. बाकीच्या दोघायनं लाथायनं मारलं. साहेब खुर्ची टाकून बसला होता. तो 'बस' म्हणला नाई, म्हणून आमी थांबलो नाई."

माझी बोटं थांबली.

मी त्या क्षणी काय विचार केला, हे इतक्या वर्षांनी अगदी प्रामाणिकपणे सांगायचा प्रयत्न करतो. लढाईच्या दिवसांत अब्बा दुकानातला रेडिओ बाहेर ओट्यावर आणून ठेवत आणि मोठ्यानं लावत. आम्ही कोणतं स्टेशन ऐकतो ते रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळावं म्हणून. कल्हईच्या भात्याच्या आवाजात बातम्या नीट ऐकूही येत नसत, पण रेडिओ बाहेरच असायचा. आणि आता आपल्या फौजेनं त्या देशाच्या कैद्याला मारून मारून संपवलं, असं वाक्य माझ्या मशीनमधून बाहेर पडणार होतं. खाली टंकलेखकाची आद्याक्षरं असतात. ती वाचून वरचा कुणी म्हणाला असता, बघा, कुणी लिहिलंय. मला भीती वाटली.

"थांबले काऊन, बाबू?" फौजीभाऊनं विचारलं.

"रिबन अडकली," मी म्हणालो.

भीती ही एक गोष्ट. दुसरी अशी की मला त्याची दया आली. हा माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला खड्ड्यात ढकलतोय, त्याला जरा कडेला धरावं, असं वाटलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तिसरी सगळ्यांत खरी आहे आणि तीच सांगायला लाज वाटते. माझ्या बोटांना दुसरं वाक्य येतच नव्हतं. "मारलं" हा शब्द कचेरीच्या कागदावर मला उघडानागडा वाटला, गावंढळ वाटला. मी लिहिलं:

"भटारखान्यातील सुरी गहाळ झाल्याने वरिष्ठांच्या सूचनेनुसार एका कैद्याकडे विचारपूस करण्यात आली. विचारपूस चालू असता सदर कैद्यास मार लागला. त्या वेळी वरिष्ठ अधिकारी हजर होते."

फौजीभाऊ पुढं सांगत होता. तिसऱ्या दिवशी कैदी मेला. रजिस्टरात लिहिलं गेलं की न्हाणीत घसरून पडला. दुसऱ्या आठवड्यात सुरी बटाट्याच्या पोत्यात सापडली, कुणाच्या तरी हातून पडली असणार. त्यानं साहेबाचं पूर्ण नाव आणि हुद्दा सांगितला. सोबतच्या दोघांची नावं मात्र दिली नाहीत.

"त्यायचं ते पाहतीन. माझं लिवा. साहेबाचं लिवा."

साहेबाचं नाव मी लिहिलं. हजर होते, या वाक्यात.

मग जबाब वाचून दाखवायचा असतो. मी वाचला. भराभर वाचला, आमची ती एक लय असते, देवळात स्तोत्र म्हणतात तशी. "सदर कैद्यास मार लागला" आलं तेव्हा त्यानं मान हलवली.

"हो," तो हळूच म्हणाला. "लय लागला."

तो हे म्हणाला आणि माझ्या जिवात जीव आला. त्याच्या कानाला त्यात काही कमी वाटलंच नव्हतं. आमच्याकडं बोलताना असंच बोलतात, लय मार लागला म्हणतात, कुणी मारलं ते ऐकणाऱ्याला ठाऊकच असतं. बोलणारा समोर असला की त्या वाक्यात माणसं असतात. पण कागद टपालातून निघाला की त्यातून माणसं उतरून जातात, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझं सगळं शिक्षण त्यातच झालं होतं.

त्यानं सही केली, सहीखाली जुना हुद्दा लिहिला. मग खुर्चीत पहिल्यांदा टेकून बसला. चेहरा तापातून उठलेल्या माणसासारखा झाला होता, उतरलेला पण निवांत. नायबसाहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला, ते सहसा कुणाला मागवत नसत.

"आता साहेबाले बलावतीन," मी त्याला बाहेर सोडायला आलो तेव्हा तो म्हणाला. "मलेबी बलावतीन. सजा होईन तं होईन. तुमचे लय उपकार झाले, बाबू."

मी "अहो, उपकार कसले" म्हणालो. लोक उपकार मानतात तेव्हा असंच म्हणायचं असतं.

जबाब वर गेला. वर त्याचं इंग्रजी झालं, आणि ते फौजेकडं रवाना झालं. ते इंग्रजी कुणी केलं मला ठाऊक नाही, पण त्याला मी दोष देणार नाही. त्याच्यासमोर जे होतं त्याचंच त्यानं भाषांतर केलं. "मार लागला" चं कुठल्याही इंग्रजीत "जखमी झाला" एवढंच होणार. फौजीभाऊ पुन्हा दर सोमवारी येऊ लागला. उन्हाळा गेला, रोवणी झाली, धान कापून झालं. माझ्याकडं सांगायला काही नव्हतं, आणि तो दिसला की मी उगाचच कपाटात डोकं घालून बसू लागलो. नायबसाहेब मधल्या काळात बदलून गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं, खुर्ची रिकामी होती.

उत्तर आलं ते थंडीत. एक पान, इंग्रजी. त्यात म्हटलं होतं की अर्जदाराचा जबाब काळजीपूर्वक पाहिला. विचारपूस चालू असताना कैदी जखमी झाला असं अर्जदार स्वतःच सांगतो. अर्जात काहीही असलं तरी कोणत्याही व्यक्तीनं कैद्याला मारहाण केल्याचं शपथेवरच्या जबाबात म्हटलेलं नाही. छावणीच्या नोंदीप्रमाणे कैदी घसरून पडला होता आणि जबाब या नोंदीच्या विरोधात जात नाही. उल्लेख केलेले अधिकारी हजर होते यावरून काही निष्पन्न होत नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.

मी ते पान दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. मी चोरी केली होती आणि चोरीचा माल शिक्का मारून परत आला होता.

पुढच्या सोमवारी फौजीभाऊ आला. मी त्याला बसायला सांगितलं आणि उत्तराचा अर्थ मराठीत सांगितला. शब्द बदलावेत, गोलमाल करावा, असं फार वाटलं. पण अंगात तेवढंही त्राण नव्हतं. जसं होतं तसं सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. कपाळाला आठी पडली, रागाची नव्हे, गणित चुकलेल्या माणसाची.

"म्या तं सांगतलं होतं," तो म्हणाला. "कोनं मारलं ते सांगतलं होतं. तुमी लिवून घेतलं. माझा जबाब हाये का इथी?"

कार्बनची प्रत होती. मी काढली. तो म्हणाला, वाचा. मी वाचली, आणि या वेळी लय लागेना, एकेक शब्द वेगळा पडत गेला. तो पुढं वाकून ऐकत होता. "मार लागला" पाशी त्यानं हात वर केला.

"थांबा. पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्या 'मारलं' म्हणलो होतो."

"हो, भाऊ."

"मंग हे 'लागला' कुठून आलं?"

बाहेर कुणीतरी मुद्रांकासाठी भांडत होतं.

त्यानं आवाज चढवला नाही. माझ्याकडं बघत, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं, त्यानं विचारलं, "बाबू, मले तं साहेबानं सांगतलं होतं. तुमाले कोनं सांगतलं?"

नायबसाहेबांची खुर्ची माझ्या डाव्या हाताला रिकामी होती. त्यांचं नाव घेणं अगदी सोपं होतं. ते दोनशे मैलांवर होते आणि त्यांना कधी कळलंही नसतं. नाव माझ्या जिभेपर्यंत आलं होतं. मी ते घेतलं नाही, एवढीच माझी या सगळ्या प्रकरणातली मर्दुमकी.

"कुणी नाही," मी म्हणालो. "तशी लिहायची पद्धत आहे, भाऊ."

त्यानं कार्बनच्या प्रतीकडं पाहिलं.

"पद्धत तं तिथीबी होती," तो म्हणाला.

मी घाईघाईनं मशीन पुढं ओढलं, कोरा कागद घातला. म्हटलं, भाऊ, आपण नवा अर्ज करू. आत्ताच करू. तुम्ही जसं म्हणाल तसं टाकतो, मले-तुले सकट, एक अक्षर बदलत नाही. जबाब लिहिताना माझ्याकडून चूक झाली असं मी माझ्या सहीनं लिहून देतो. नोकरी गेली तर गेली. मी बोलत होतो आणि ते सगळं त्या घटकेला मनापासून होतं, एवढं तरी माझ्याबद्दल म्हणता येईल.

तो उठला. फौजेचा कागद त्यानं घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. पाय जुळवले नाहीत, नुसता उभा राहिला, टेबलाला एक हात टेकून. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा म्हातारा दिसला.

"तुमी लिवसान, बाबू," तो म्हणाला. "पण मले पुन्हा सांगा लागंल ना, म्या त्याले कसं मारलं ते. बारा वर्सात एकडाव तोंडातून निंगालं होतं. ते तुमच्याजवळ सांगतलं. आता नाई निंगत."